साखर ४६, पण ना घाम ना थरथर: मेंदूचं नेमकं काय होतं?

तुम्ही लिहिलेला तपशील आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सासरे ७१ वर्षांचे, मधुमेह जवळजवळ २० वर्षांचा. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, रात्री इन्सुलिन, संध्याकाळी तळजाई टेकडीवर फेरी. त्या दिवशी बँकेच्या कामात जेवण दीड-दोन तास लांबलं. घरी आले तेव्हा दाराच्या कुलपात कपाटाची किल्ली घालून हिसके देत होते. तुम्ही विचारलंत तर चिडले, जीभ जड झाली होती. मीटरवर साखर ४६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; पुढचे साखरेचे आकडेही याच मापात). साखरपाणी पुढे केलं तर ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून हात झिडकारला. शेवटी शेजारच्या काकांनी समजूत काढून पाजलं, अर्ध्या तासात माणूस पूर्वीसारखा, आणि मधलं त्यांना काहीच आठवत नाही. घाम नाही, थरथर नाही. तुमचे प्रश्न दोन: अशाने मेंदूला कायमची इजा होते का? आणि सासूबाई एकादशीला दिवसभर काही खात नाहीत, त्यांना काही होत नाही, मग यांना एका जेवणाला उशीर झाला तर एवढं का?

तुम्ही ४६ या आकड्याने घाबरला आहात, ते साहजिक आहे. पण तुमच्या मजकुरात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘घाम नाही, थरथर नाही’ हे वाक्य. साखर उतरणं हा प्रश्न आहेच, पण ती उतरल्याचं त्यांना कळलं नाही हा मोठा प्रश्न आहे, आणि उपाय त्यावर करायचा आहे. मी पुण्यात बरीच वर्षं मधुमेहाचे रुग्ण बघते, त्या अनुभवावरून लिहिते आहे. मी त्यांना तपासलेलं नाही. त्यांची किडनी कशी आहे, गोळीची आणि इन्सुलिनची मात्रा किती, हृदयाची कुठली औषधं चालू आहेत, यावर बरंच अवलंबून आहे. ते जिथे जिथे येईल तिथे सांगते.

आधी सासूबाईंची एकादशी घेऊ. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागतं. डोकं चालवलं नाही तरी लागतं, झोपेतही लागतं, कारण एका पेशीने दुसरीला संदेश द्यायचा तर सोडियम-पोटॅशियमची आत-बाहेर ने-आण अखंड चालू ठेवावी लागते आणि मोठा खर्च त्यावरच होतो. स्नायू आणि यकृत ग्लुकोजचा साठा करून ठेवतात. मेंदूकडे असा साठा नावापुरता, काही मिनिटं पुरेल इतकाच. ज्या घराला टाकी नाही आणि नळाला येईल तेवढ्याच पाण्यावर भागवायचं असतं, तसं मेंदूचं आहे.

त्यात आणखी एक गोष्ट. रक्तातलं ग्लुकोज मेंदूत शिरायला इन्सुलिन लागत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यावर ग्लुकोज आत नेणारी वेगळी प्रथिनं असतात. आत किती जाईल हे रक्तात किती आहे त्यावर ठरतं. स्नायू आणि चरबी मात्र इन्सुलिन आलं की ग्लुकोज ओढून घेतात. म्हणजे गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन अंगात असलं की बाकीचे आपापलं घेऊन मोकळे होतात आणि मेंदूच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

सासूबाई उपास करतात तेव्हा साखर ८०-८५ च्या खाली सरकायला लागली की त्यांच्या स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन आपोआप कमी होतं. आणखी उतरली तर ग्लुकागॉन हे साखर वाढवणारं संप्रेरक वाढतं, यकृत साठवलेलं ग्लुकोज सोडतं आणि नवीन तयारही करतं. एका दिवसाच्या उपासात मुख्य काम यकृतच करतं. उपास लांबला तर चरबी वितळून कीटोन तयार होतात आणि मेंदू तेही इंधन म्हणून वापरतो. आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलेल्या माणसाच्या मेंदूची निम्म्याहून जास्त गरज कीटोनवर भागते, हे १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवलं.

सासऱ्यांच्या शरीरात यातलं पहिलंच पाऊल पडत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. साखर किती आहे याकडे ते फारसं बघत नाही. रात्री टोचलेलं इन्सुलिन तर परत बोलावता येत नाही. हे जास्तीचं इन्सुलिन यकृताला ग्लुकोज सोडू देत नाही, आणि चरबीही वितळू देत नाही, त्यामुळे कीटोनही तयार होत नाहीत. मेंदूचं मुख्य इंधन तुटतं आणि पर्यायी इंधनाची वाटही त्याच इन्सुलिनने अडवलेली असते. पोट दोघांचंही रिकामंच, पण एकीच्या मेंदूला इंधन मिळत राहतं आणि दुसऱ्याच्या मेंदूला मिळत नाही. म्हणून घरात ही तुलना करू नका, आणि या औषधांवर असलेल्या माणसाने डॉक्टरांशी बोलून मात्रा बदलून घेतल्याशिवाय उपास धरू नये.

आता किल्लीकडे येऊ. साखर उतरताना मेंदू एकदम बंद पडत नाही. वरच्या थरातली, गुंतागुंतीची कामं आधी ढासळतात: निर्णय, लक्ष, रागावरचा ताबा, हिशेब. साधारण ५० ते ५५ च्या आसपास हे सुरू होतं, माणसागणिक थोडं वर-खाली. त्यानंतर बोलणं जड होणं, तोल जाणं, दोन-दोन दिसणं. त्याहून खाली गेलं तर झटके आणि बेशुद्धी. श्वास चालवणारा खालचा भाग सगळ्यात शेवटपर्यंत टिकतो. तुमच्या सासऱ्यांच्या हातात हिसके देण्याइतकी ताकद होती, पण ही किल्ली या कुलपाची नाही, हे कळण्याची क्षमता गेलेली होती. हात झिडकारला तेव्हाही तेच. आपल्याला मदत हवी आहे हे ज्या भागाने ओळखायचं, तोच भाग उपाशी होता. सासऱ्यांच्या वागण्याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल तर ते मनातून काढून टाका. तो हट्टही नव्हता आणि तुमचा अपमानही नव्हता.

काही जणांना या अवस्थेत एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, हुबेहूब पक्षाघातासारखा, आणि साखर वर आली की भरून येतो. रस्त्यात असं झालं तर लोक ‘प्यायलेला दिसतोय’ म्हणून बाजूने निघून जातात. मधुमेहाची औषधं चालू असलेला माणूस अचानक विचित्र वागला, बरळला, तोंड वाकडं झालं, तर पहिल्या मिनिटात मीटर लावा. साखर नीट निघाली तर मात्र एक क्षणही न दवडता पक्षाघात समजून दवाखाना गाठा.

आता घाम आणि थरथर. निरोगी माणसात, आणि मधुमेहाच्या सुरुवातीच्या वर्षांतही, साखर साधारण ६५ ते ७० ला आली की शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं. छातीत धडधड, हात कापणं, दरदरून घाम, कडकडून भूक ही सगळी त्याची आणि त्याच्या जोडीच्या मज्जातंतूंची कामं. ही सूचना मेंदू गोंधळायच्या आधी येते, आणि त्या मधल्या वेळात माणूस स्वतःच्या हाताने काहीतरी खातो. ही सूचना बोथट होते ती वारंवार साखर उतरल्यामुळे. एकदा साखर चांगलीच उतरली की पुढचे २४ तास किंवा त्याहून जास्त काळ शरीराची प्रतिक्रिया मंद राहते. असं आठवड्यातून दोन-तीनदा होऊ लागलं की सूचनेची पातळी खाली सरकत सरकत मेंदू गोंधळण्याच्या पातळीच्याही खाली जाते. मग माणूस आधी भ्रमिष्टासारखा होतो आणि घाम फुटला तर नंतर फुटतो. वय झालेल्यांमध्ये या दोन पातळ्यांमधलं अंतर मुळातच कमी असतं. त्यात रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल यांसारखं बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम सहसा झाकला जात नाही.

यावरून मला दाट शंका आहे की ही त्यांची पहिली वेळ नसावी. आधी बऱ्याच वेळा साखर उतरून गेली असणार, बहुतेक रात्री, आणि कुणाच्या लक्षात आलं नसणार. त्यांना आणि सासूबाईंना विचारा: सकाळी उशी किंवा बनियन ओलं असतं का? उठल्यावर डोकं दुखतं का? भीतीदायक स्वप्नं पडतात, झोपेत बडबडतात का? संध्याकाळी भरपूर चाललं की स्नायू पुढचे कित्येक तास रक्तातून ग्लुकोज ओढत राहतात आणि त्याचा परिणाम मध्यरात्रीनंतर दिसतो. तळजाईची फेरी बंद करू नका, ती हवीच. पण ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त चालणं होईल, त्या रात्री ३ वाजता एकदा साखर मोजा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. ४६ पर्यंत गेलेली आणि अर्ध्या तासात वर आलेली एखादी वेळ मेंदूच्या पेशी मारत नाही. त्या वेळी पेशींचं काम थांबतं, पेशी जिवंत असतात. पेशी मरायला साखर फार खोल जावी लागते, २० च्या आसपास किंवा त्याखाली, आणि बराच वेळ तिथेच राहावी लागते. बेशुद्धावस्थेत रात्रभर पडून राहिलेल्या माणसाच्या बाबतीत ही भीती खरी असते. टाइप १ च्या तरुण रुग्णांचा अमेरिकेत १८ वर्षं पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. साखर गंभीर उतरण्याच्या घटनांमुळे बुद्धीवर ठळक कायमचा परिणाम त्यात आढळला नाही. मात्र वयस्क टाइप २ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात, २००९ मध्ये, दवाखान्यात जावं लागण्याइतकी साखर उतरलेल्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसलं. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे वेगळं काढणं अवघड आहे, कारण स्मरण कमी होऊ लागलेला माणूस गोळी दोनदा घेतो किंवा जेवायचं विसरतो, आणि त्यानेही साखर उतरते. सासऱ्यांच्या बाबतीत माझं मत असं: झालेल्या घटनेची चिंता नको, पण ती पुन्हा पुन्हा होऊ देऊ नका. या वयात पडणं, रस्त्यावरचा अपघात, हृदयाचे ठोके बिघडणं, हे धोके स्मृतिभ्रंशापेक्षा जवळचे आहेत.

पुन्हा असं झालं तर काय करायचं, ते जरा सविस्तर लिहिते, कारण घराघरांत इथेच गडबड होते. १५ ग्रॅम ग्लुकोज पोटात जायला हवं. ग्लुकोज पावडर किंवा साखर, चहाचे ३ ते ४ चमचे, अर्धा कप पाण्यात. मग १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. नेहमीचा अर्धा कप चहा यासाठी पुरत नाही. पेढा, बर्फी, चॉकलेट देऊ नका. त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात यायला उशीर होतो. वर आल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-पोहे असं काहीतरी खायला द्या, नाहीतर तासाभरात पुन्हा उतरते.

इथे एक गोष्ट फार कमी घरांत माहीत असते. त्यांच्या गोळीत किंवा वेगळ्या गोळीत वोग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण साखरेचे दोन तुकडे करणारं आतड्यातलं काम हीच गोळी अडवते. त्यांना ग्लुकोज पावडरच द्यायला हवी. आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, त्यामुळे पाकिटावरची बारीक अक्षरं आजच वाचा.

माणूस नकार देतो तेव्हा वाद घालू नका. ‘तुमची साखर कमी झाली आहे’ हे वाक्यही नको, त्याने चिडचिड वाढते. ते ज्या पेल्यातून नेहमी पाणी पितात तोच पेला हातात द्या आणि ‘सरबत घ्या’ एवढंच म्हणा. त्याहून चांगलं म्हणजे, ते पूर्ण बरे असताना शांतपणे बोलून ठरवून ठेवणं. माझ्याकडे येणारे एक निवृत्त कॅशियर आहेत. साखर उतरू लागली की बोलताना त्यांच्या वाक्यातला शेवटचा शब्द दोनदा येतो, बाकी काही नाही. ते फक्त त्यांच्या बायकोला कळतं. दोघांनी ठरवलं आहे की तिने स्टीलची वाटी पुढे केली की कारण न विचारता प्यायचं. गोंधळलेल्या अवस्थेतही हे जमतं, कारण त्यात निर्णय घ्यायचा नसतो, ओळखीची कृती करायची असते. प्रत्येक माणसाची अशी एखादी खूण असते. सासऱ्यांची खूण शोधा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

शुद्ध हरपली किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, साखरेचा कणसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरी असेल आणि शिकवलेलं असेल तर द्या. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं की काही मिनिटांत माणूस उठून बसतो, आणि मग घरचे म्हणतात, ‘आता बरे आहेत, घरी नेतो.’ ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत हे करू नका. गोळीचा परिणाम दिवसभर टिकतो, किडनी अधू असेल तर त्याहून जास्त, आणि सलाईन उतरल्यावर काही तासांत साखर पुन्हा कोसळते. किमान २४ तास देखरेख हवी. आणखी एक: आकडा वर आला तरी मेंदू पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर स्कूटरची किल्ली त्यांच्या हातात देऊ नका.

आता मूळ दुखण्यावरचा उपाय, आणि इथे चांगली बातमी आहे. बोथट झालेली सूचना बऱ्याच जणांमध्ये परत येते. त्यासाठी सलग दोन-तीन आठवडे साखर एकदाही ७० च्या खाली जाऊ द्यायची नाही, काहींना तीन महिने लागतात. १९९० च्या दशकात हे वेगवेगळ्या ठिकाणी तपासून पाहिलं गेलं आहे आणि मीही माझ्या रुग्णांमध्ये बघते. त्या काळात साखर थोडी चढी राहिली, १४०-१८० च्या घरात, तरी मी चालवून घेते.

तुम्ही लिहिलंत की एचबीएवनसी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ६.४ आहे आणि त्याचा घरात सगळ्यांना अभिमान आहे. ७१ वर्षं वय, इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही चालू, आणि ६.४: मला या आकड्याची काळजी वाटते. तो सरासरी सांगतो, आणि रात्री ५० ला गेलेली साखर त्या सरासरीत शिरून तिला सुंदर करते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ॲकॉर्ड नावाच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या टाइप २ रुग्णांची साखर औषधांनी फार खाली आणली, एचबीएवनसी ६ च्या आत हे लक्ष्य ठेवून. त्या गटात मृत्यू जास्त झाले आणि ती बाजू मुदतीआधी थांबवावी लागली. एकूण प्रकृती चांगली असलेल्या ज्येष्ठांना ७ ते ७.५ आणि बरेच आजार एकत्र असतील तर ८ पर्यंत हे लक्ष्य आता सर्वसाधारण मानलं जातं.

मात्रा तुम्ही स्वतः कमी करू नका, पण डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ग्लिमेपिराइडची गरज आहे का? मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटातली औषधं एकेकटी सहसा साखर एवढी पाडत नाहीत. क्रिएटिनिन आणि ईजीएफआर या किडनीच्या तपासण्या गेल्या सहा महिन्यांत केल्या नसतील तर करून घ्या. किडनी मंदावली की तीच जुनी मात्रा जास्त होते. वजन उतरलं आहे का, भूक कमी झाली आहे का, अलीकडे कुठलं ॲन्टिबायोटिक घेतलं का, हेही सांगा, कारण त्यातली काही या गोळीचा जोर वाढवतात. इन्सुलिन पेनने घेतात की सिरिंजने, तेही बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असतं आणि त्याच्या सिरिंजचं टोपण लाल. १०० युनिटच्या सिरिंजचं टोपण केशरी. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट मात्रा जाते. पोटावर सुई टोचण्याच्या जागी गाठी झाल्या असतील तर तिथून इन्सुलिन कधी कमी तर कधी एकदम जास्त शोषलं जातं. जागा बदलायला हवी.

पुढची तारीख महिनाभराने असेल तर तोवर थांबू नका, याच आठवड्यात जाऊन या. जाईपर्यंत रोज उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना आणि दोन रात्री ३ वाजता साखर मोजून वेळेसह वहीत लिहा. ती वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि सिरिंज किंवा पेन पिशवीत घालून सोबत न्या. झोपतानाची साखर १०० च्या खाली असेल तर त्या रात्री इन्सुलिन टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा.